सेव्ह केलेलं कॉस्टिंग चार महिन्यांनी वेगळा आकडा का दाखवतं?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी तुम्ही प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर लिहिलं आहे. मागे मायएसक्यूएल हा डेटाबेस आहे, समोर ब्राउझर. मार्चमध्ये 20,000 नगांच्या एका ऑर्डरचं कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचा हिशोब, सेव्ह झालं आणि त्यावरून ग्राहकाला भाव कळवला. जुलैत तेच कॉस्टिंग उघडलं तर आकडा वेगळा आला. ग्राहक विचारतोय की मार्चचा भाव कशावरून काढला होता, मालक विचारतायत की यातला खरा आकडा कोणता. आणि तुम्ही विचारताय, दर वेळी पीडीएफ काढून ठेवली तर पुरेल का, की दरांच्या मास्टरला (मूळ यादीला) तारखा लावाव्यात?

पीडीएफ काढाच, तारखाही लावा. पण या दोन्हींनी तुमचा प्रश्न सुटत नाही, कारण इथे तीन वेगळ्या गरजा एकाच 'सेव्ह'च्या बटणाखाली आल्या आहेत. पहिली, मार्चमध्ये जे दिसलं ते तसंच पुन्हा दिसावं. दुसरी, मार्चच्या माहितीवर आज पुन्हा हिशोब केला तर पैशापैशाने तोच आकडा यावा. तिसरी, आजच्या दराने हिशोब केला तर फरक किती आणि कशामुळे, हे सांगता यावं. पीडीएफ फक्त पहिली गरज भागवते. ग्राहक विचारतोय ते दुसरं, आणि मालकांना पुढच्या बोलणीसाठी हवं आहे ते तिसरं. सध्या तुमचं सॉफ्टवेअर सेव्ह करताना बहुधा एवढंच लिहून ठेवतं की 'सूत क्रमांक 14, डाइंग प्रकार 3, नग 20,000', आणि उघडताना त्या क्रमांकांचे आजचे दर मास्टरमधून उचलतं. म्हणजे जपून ठेवलं गेलं ते कॉस्टिंग नव्हतंच, फक्त त्याचा पत्ता होता. घर तेच राहिलं, आतली माणसं बदलली.

उपाय असा की ज्या क्षणी आकडा बाहेर जातो, त्या क्षणी हिशोबात वापरलेली प्रत्येक किंमत त्या कॉस्टिंगच्या पोटात उतरवून घ्यायची आणि त्यासोबत सूत्राची आवृत्ती लिहायची. यालाच मी पुढे गोठवणं म्हणतो. हे किती कडकपणे करायचं ते तुमच्या कामाच्या पद्धतीवर आहे. दिवसाला दोन कॉस्टिंग होत असतील आणि सगळी बाहेर जात असतील तर प्रत्येक सेव्ह गोठवा. एकाच चौकशीवर दहा-दहा मसुदे होत असतील तर मसुदा चालू दरावर राहू द्या आणि 'ग्राहकाला पाठवलं' हा टप्पा आला की गोठवा. मला दुसरी पद्धत जास्त बरी वाटते, कारण मसुद्यात माणसाला ताजा दरच हवा असतो. मात्र स्क्रीनवर ठळक दिसलं पाहिजे की हे कॉस्टिंग चालू आहे की गोठवलेलं. तुमच्याकडच्या गोंधळाचं निम्मं मूळ तिथे असणार.

आता गोठवायचं म्हणजे नेमकं काय, हे एका नगावर बघू. 30 बाय 60 इंची टॉवेल धरा, म्हणजे ढोबळमानाने 75 बाय 150 सेंटिमीटर, 1.125 चौरस मीटर. 400 जीएसएमचा (चौरस मीटरला 400 ग्रॅम) असेल तर तयार वजन 450 ग्रॅम. प्रोसेसिंगमध्ये 6 टक्के घट आणि विणाईत 3 टक्के वेस्टेज धरलं तर सूत किती लागेल? एक पद्धत भागायची: 450 भागिले 0.94, आणि येईल त्याला भागिले 0.97. उत्तर 493.53 ग्रॅम. दुसरी पद्धत टक्के वर चढवायची: 450 गुणिले 1.06 गुणिले 1.03. उत्तर 491.31 ग्रॅम. व्यवहारात दोन्ही चालतात आणि दोन्ही करणारे आपलंच बरोबर म्हणतात. (घट मूळ वजनावर मोजली जाते, म्हणून भागायची पद्धत तर्काला धरून आहे.) सुताचा सरासरी भाव किलोला 260 रुपये धरला तर या 2.22 ग्रॅममुळे नगामागे 58 पैसे आणि 20,000 नगांवर साधारण 11,540 रुपये इकडचे तिकडे होतात. दर तोच, टक्के तेच, टॉवेल तोच. बदललं फक्त सूत्र. म्हणून सगळे दर गोठवले आणि सूत्राची आवृत्ती लिहिली नाही, तर मधल्या काळात कोणी 'दुरुस्ती' म्हणून ती ओळ बदलली की जुनी सगळी कॉस्टिंग गुपचूप हलतात.

सूत्राची आवृत्ती म्हणजे नुसता सॉफ्टवेअरचा नंबर नको. हिशोबाचा भाग बाकी प्रोग्रॅमपासून वेगळा काढा. त्याला फक्त आकडे द्यायचे आणि त्याने फक्त आकडे परत द्यायचे. त्याने डेटाबेस उघडायचा नाही, आजची तारीख विचारायची नाही, सेटिंगची फाइल वाचायची नाही. असं केलं की आवृत्ती 1, 2, 3 शेजारीशेजारी ठेवता येतात आणि मार्चचं कॉस्टिंग आवृत्ती 2 नेच मोजता येतं. जुनी आवृत्ती चुकीची निघाली तरी काढून टाकू नका. तिच्यावर 'नवीन कॉस्टिंगसाठी बंद' एवढं लिहा. चुकीच्या सूत्राने काढलेला भाव ग्राहकाला गेला असेल, तर तो तसाच पुन्हा काढून दाखवता आला पाहिजे. चूक कुठे होती ते त्याशिवाय कळणार कसं?

पोटात उतरवायच्या गोष्टींत लोक सुताचा दर धरतात आणि बाकीचं विसरतात. सुताच्या दरासोबत तो कसला दर, हेही हवं: पाइलचं (वरच्या फासांचं), ताण्याचं (उभं) की बाण्याचं (आडवं) सूत, काउंट (सुताची जाडी), रोखीचा भाव की 30 दिवसांच्या उधारीचा, पोहोच की गिरणीच्या दारात, जीएसटी धरून की सोडून, किलोला की पोत्याला. सहा महिन्यांनी नुसता '260' हा आकडा काहीच सांगत नाही. सुताचं नावही अक्षरांत उतरवा, फक्त क्रमांक नको, कारण मास्टरमधलं नाव कधी ना कधी कोणीतरी बदलतं. मजुरीत पिकचा (विणलेल्या आडव्या धाग्यांचा) दर आणि त्यामागचा भत्ता. किमान वेतनातला विशेष भत्ता राज्यात दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. तुमचं मार्च आणि जुलै त्याच्या दोन बाजूंना पडतात. वीज युनिटमागे धरली असेल तर बिलातला इंधन समायोजन आकार महिन्यागणिक हलतो. निर्यातीचा माल असेल तर डॉलरचा भाव आणि तो कुठला, म्हणजे एफबीआयएल ही संस्था जाहीर करते तो संदर्भ दर, बँकेने दिलेला दर, की मालकांनी सुरक्षित म्हणून धरायला सांगितलेला.

कराच्या बाबतीत तर नियमच गोठवावा लागतो, नुसता टक्का पुरत नाही. 22 सप्टेंबर 2025 च्या आधी चादर-टॉवेलसारख्या मालाला नगाची किंमत 1,000 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 12 टक्के जीएसटी होता. त्या दिवसापासून मर्यादा 2,500 रुपयांवर गेली, खाली 5 आणि वर 18 टक्के. म्हणजे 1,400 रुपयांच्या चादरीवर आधी 12 टक्के लागायचे, आता 5 लागतात. टक्क्याचा मास्टर आहे पण '1,000' हा आकडा प्रोग्रॅममध्येच टाइप करून ठेवलाय, अशी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. तो आकडा बदलला की जुन्या देशांतर्गत कॉस्टिंगमधला विक्रीभाव बदलतो आणि दरांच्या मास्टरमध्ये कितीही शोधलं तरी कारण सापडत नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट मात्र वेगळीच आहे आणि तुमच्या फरकातला मोठा वाटा तिचा असण्याची शक्यता मला जास्त वाटते. कारखान्याचा ठरलेला खर्च, म्हणजे भाडं, ऑफिसचे पगार, हप्ते, विमा, हा किलोमागे वाटताना तुम्ही भाजक कुठला घेता? महिन्याच्या नियोजित उत्पादनाने भागत असाल तर एका ऑर्डरचा खर्च दुसऱ्या ऑर्डरवर अवलंबून राहतो. समजा ठरलेला खर्च महिन्याला 6,00,000 रुपये आणि प्लॅनमध्ये 40,000 किलो. किलोला 15 रुपये पडले, 450 ग्रॅमच्या नगाला 6 रुपये 75 पैसे. नंतर कोणीतरी त्याच महिन्यात 10,000 किलोची दुसरी ऑर्डर टाकली. आता किलोला 12 रुपये, नगाला 5 रुपये 40 पैसे. तुमच्या ऑर्डरला कोणी हात लावला नाही आणि 20,000 नगांवर 27,000 रुपये उतरले. ऑर्डर रद्द झाली की पुन्हा चढतात. हा फरक येतो-जातो, म्हणून 'सॉफ्टवेअरमध्येच काहीतरी आहे' असं सगळ्यांना वाटू लागतं. गोठवताना किलोमागचा 15 हा आकडा तर घ्याच, पण त्यामागचे 6,00,000 आणि 40,000 हेही घ्या. दर आला कुठून, हे त्याशिवाय सांगता येत नाही.

आता तारखांबद्दल. 'दरांना लागू तारीख लावली की मार्चचा दर मार्चच्या तारखेने शोधता येईल, मग उतरवून कशाला घ्यायचा?' हा विचार सरळ वाटतो, पण तो एका ठिकाणी मोडतो. सूत व्यापाऱ्याचा नवा भाव 1 जुलैपासून लागू आहे, त्याचं पत्र 3 तारखेला हातात आलं आणि क्लार्कने ते 1 जुलै ही लागू तारीख टाकून नोंदवलं. मधे 2 तारखेला एक कॉस्टिंग जुन्या भावाने बाहेर गेलं. आता '2 जुलैचा भाव काय?' असं डेटाबेसला विचारलं तर तो नवा भाव सांगेल. नोंद बरोबर, तारीख बरोबर, आणि तरी कॉस्टिंग जुळणार नाही. म्हणून दराच्या प्रत्येक ओळीला दोन तारखा लागतात: दर कधीपासून लागू आणि तो आपल्याला कधी कळला. पुनर्गणना करताना 'तेव्हा आपल्याला काय माहीत होतं' असं विचारायचं. जुन्या ओळीवर नवा दर कधीच लिहायचा नाही; नवी ओळ घालायची आणि चुकीच्या ओळीला 'रद्द' म्हणायचं. तुम्ही मारियाडीबी या मायएसक्यूएलसारख्याच डेटाबेसवर जायला तयार असाल तर 10.3 पासून त्यात ओळींचा इतिहास आपोआप ठेवणारी टेबलं आहेत. मायएसक्यूएलमध्ये ते हाताने करावं लागेल. पण हे केलं तरी उतरवून घेणं सोडू नका. एका कॉस्टिंगच्या आकड्यांची फाइल 10 केबीच्या वर सहसा जात नाही. वर्षाला 3,000 कॉस्टिंग झाली तरी 30 एमबी. जागा वाचवण्यासारखं इथे काही नाही.

तारखांचाच आणखी एक काटा. सर्व्हर भाड्याचा असेल तर त्याचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपला 1 जुलैचा मध्यरात्रीचा ठोका तिथे 30 जूनची संध्याकाळ साडेसहा असते. लागू तारीख वेळेसकट साठवली आणि नंतर तिचा फक्त दिवस वाचला, तर दर एक दिवस आधी लागू होतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला काढलेल्या कॉस्टिंगमध्ये अधूनमधून चुका दिसत असतील तर आधी हे बघा. लागू तारीख ही शुद्ध तारीख म्हणूनच साठवावी, तिला वेळ चिकटवूच नये.

सुताचे दर एक्सेलमधून आत घेत असाल तर एक खात्री करून घ्या. 2/10 हा काउंट साध्या खान्यात टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करतं, आपल्याकडच्या सेटिंगमध्ये 2 ऑक्टोबर आणि अमेरिकन सेटिंगमध्ये 10 फेब्रुवारी. काउंटचा स्तंभ टाइप करण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवावा लागतो. नंतर केला तर तारखेमागचा पाचआकडी नंबर हाती येतो. आणि व्हीलुकअप (यादीतून ओळ शोधणारं एक्सेलचं सूत्र) वापरत असाल तर शेवटचा पर्याय मोकळा सोडू नका. मोकळा सोडला की तो अचूक जुळणी करत नाही, जवळची ओळ उचलतो, आणि यादीत एक नवं सूत वाढलं की उत्तर बदलतं.

पूर्णांकन हा रुक्ष विषय आहे, पण तुमच्या 20,000 नगांवर तो दिसतो. वरचंच उदाहरण घ्या. 493.5293 ग्रॅमला 260 चा दर लावला की नगाला 128.3176 रुपये, ऑर्डरला 25,66,352 रुपये. ग्रॅम आधीच 494 करून घेतले तर 128.44, म्हणजे 25,68,800. जवळजवळ 2,450 रुपयांचा फरक. यातलं कुठलं बरोबर यापेक्षा कुठल्या पायरीवर पूर्णांकन होतं, हे ठरलेलं आणि सूत्राच्या आवृत्तीत लिहिलेलं असणं महत्त्वाचं. मी मधल्या पायऱ्यांना चार दशांश ठेवायला सांगतो आणि नगाच्या अंतिम भावावरच दोन दशांशांना आणायला सांगतो, कारण बिल त्या भावाने होतं. डेटाबेसमध्ये स्तंभ डेसिमल प्रकारचे (दशांश नेमका साठवणारे) घ्या, फ्लोट किंवा डबल (जवळपासचा आकडा साठवणारे) नकोत. फ्लोटमध्ये 0.1 सुद्धा नेमका बसत नाही, आणि बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक हलू शकतो. डेटाबेसला ओळींचा क्रम सांगितला नसेल तर तो रोज त्याच क्रमाने ओळी देईल याची हमी नसते.

शिवाय हिशोब दोन ठिकाणी होऊ देऊ नका. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने एक बेरीज आणि सर्व्हरवर दुसरी, असं असेल तर पैशांचा फरक येणारच. 1.005 ला दोन दशांशांवर आणताना जावास्क्रिप्टचं टूफिक्स्ड 1.00 देतं, एक्सेलचं राउंड 1.01 देतं. 2.5 ला पूर्ण अंकावर आणताना पायथन 2 म्हणतं, एक्सेल 3. कोणीच बिघडलेलं नाही, प्रत्येकाचा नियम वेगळा आहे. हिशोब सर्व्हरवर एकदाच करा, ब्राउझरने फक्त दाखवावा.

एवढं केल्यावर ते खरंच चालतंय का, हे तपासायची एक सोपी आणि निर्दय चाचणी आहे. डेटाबेसची वेगळी प्रत काढा. त्या प्रतीत सगळ्या मास्टरमधले सगळे दर दुप्पट करा, प्लॅनमध्ये एक खोटी मोठी ऑर्डर घाला, दोन सुतांची नावं बदला, संगणकाची तारीख एक वर्ष पुढे न्या. आता गोठवलेलं कॉस्टिंग उघडा आणि पुनर्गणना करा. एक पैसा जरी हलला तरी काहीतरी अजून बाहेरून येतंय. कुठल्या ओळीत हललं ते बघा, म्हणजे काय उतरवायचं राहिलं ते समजेल. पहिल्या खेपेला दोन-तीन गोष्टी निघतातच, त्यात निराश होण्यासारखं काही नाही. पुढे रोज रात्री वीसेक जुनी कॉस्टिंग आपोआप पुन्हा मोजून साठवलेल्या आकड्याशी ताडून बघणारं काम लावून ठेवा. सूत्राला हात लावणारा कुठलाही बदल ही ताडणी पास झाल्याशिवाय चढवायचा नाही. गोठवलेल्या आकड्यांवर एसएचए-256 चा ठसाही (मजकुरावरून काढलेली, मजकूर बदलला की बदलणारी खूण) काढून ठेवावा, म्हणजे डेटाबेसमध्ये थेट शिरून कोणी आकडा बदलला तर कळतं. त्यासाठी आकडे नेहमी एकाच क्रमाने आणि एकाच दशांशात लिहायला हवेत, नाहीतर मजकूर तोच असून ठसा वेगळा निघतो.

राहिली मालकांची गरज: फरक कशामुळे? दोन कॉस्टिंग शेजारी ठेवली की वजाबाकी कळते, वाटणी कळत नाही. सूत 260 वरून 275 झालं आणि विणाईचं वेस्टेज 3 वरून 4 टक्के धरलं, तर नगाचा सूतखर्च 128.32 वरून 137.13 होतो, वाढ 8.82 (इथे आणि पुढे पूर्णांकनामुळे एखादा पैसा इकडेतिकडे दिसेल). आधी दर बदलला तर दराचे 7.40 आणि वेस्टेजचे 1.41 येतात. आधी वेस्टेज बदललं तर वेस्टेजचे 1.34 आणि दराचे 7.48. एकूण तेच, वाटणी वेगळी. म्हणून क्रम एकदा ठरवून टाका आणि तोच कायम ठेवा. मी आधी दर, मग वापर, मग सूत्र असा क्रम घ्यायला सांगतो. दर बाजाराच्या हातात असतो, वापर कारखान्याच्या, आणि मालकांना या दोन गोष्टी वेगवेगळ्या दिसायला हव्या असतात.

शेवटी त्या मार्चच्या कॉस्टिंगचं आज काय करायचं? ते आजच्या डेटाबेसमधून परत निघणार नाही. मार्चचा दर अंदाजाने टाकून, आकडा जुळेपर्यंत खालीवर करून 'हे बघा' असं ग्राहकाला मात्र दाखवू नका. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि बोलणीत नेमक्या तिथेच उघड्या पडतात. त्याऐवजी त्या आठवड्याचा डेटाबेसचा बॅकअप शोधा. तो वेगळ्या मशीनवर उतरवा, त्यावर तेव्हाचाच प्रोग्रॅम चालवा, आणि कॉस्टिंग उघडून प्रत्येक ओळ बाहेर काढा. प्लॅनमधल्या ऑर्डरीही त्या बॅकअपमध्ये तेव्हाच्याच असतील, त्यामुळे ठरलेल्या खर्चाचा भाजकही परत मिळेल. आकडा कळवलेल्या भावाशी जुळला तर त्या ओळी नव्या पद्धतीने गोठवून ठेवा. बॅकअप नसेल तर फेब्रुवारी-मार्चची सुताची खरेदी बिलं आणि तेव्हाची ईमेल एकत्र करा, जेवढं पुराव्याने सांगता येतं तेवढंच सांगा, आणि त्या कॉस्टिंगवर 'पुनर्गणना शक्य नाही' असा शेरा मारून कागद त्याला जोडून ठेवा. बॅकअप किती दिवसांनी पुसले जातात ते मात्र आजच बघा. 90 दिवसांची मुदत असेल तर मार्च केव्हाच गेला असेल, पण एप्रिल-मेची कॉस्टिंग अजून हाताशी लागू शकतात.